थोरल्याकडे नळी, धाकट्याकडे भिंगं

कोणतंही मोठं संशोधन एकट्याच्यानं होत नाही. एकट्यानं केलं तर ते लवकर संपण्याचा धोका असतो. पांढुर्णा-सौसर संयुक्त कर्करोग संशोधन मंडळानं हा धोका पहिल्या दिवसापासून टाळला.

मंडळाला पैसा दिला जिनवाल्यांनी. थोरले रघुनाथराव पांढुर्ण्याचा, कापसातली सरकी काढायचा जिन पाहत, धाकटे भगवंतराव सौसरचा. त्यांच्या आई तोंडाच्या कर्करोगानं गेल्या. वाटणीत त्या सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे असत. (आमच्याकडे हीच रीत. बैलजोडी मात्र कोणी अशी फिरवत नाही.) दुखणं कोणाकडे असताना सुरू झालं, यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. त्यांच्या स्मरणार्थ काही करावं, यावर लगेच झालं.

म्हणून जर्मनीहून सूक्ष्मदर्शक मागवलं. ते पोचलं छप्पनच्या नोव्हेंबरात, राज्यांची पुनर्रचना झाली त्याच आठवड्यात. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. (हे आगगाड्यांना कळवलं नसावं, त्या पूर्वीसारख्याच नागपूरला जात.) सूक्ष्मदर्शकही सहा-सहा महिने फिरवावं असं ठरत होतं, पण आधी कोणाकडे? मंडळानं शास्त्रीय तोडगा काढला: नळी आणि बैठक पांढुर्ण्याला, भिंगं सौसरला. दोन्ही गावं एकत्र आल्याशिवाय कोणालाच काही दिसणार नाही. सहकार्याची इतकी पक्की हमी बी.एस्सी.च्या कोणत्याही पुस्तकात माझ्या वाचनात आली नव्हती.

मी मंडळाचा संशोधन सहाय्यक. रोज नळी पुसणं हे माझं काम. (रिकाम्या नळीतून समोरची भिंत जशीच्या तशी दिसते, एवढं निरीक्षण पूर्ण झालं आहे.)

पहिल्या रुग्ण रामाकोन्याच्या देवकाबाई. गालात आतून चट्टा पडलेला, भाकर गिळवत नव्हती. मंडळाच्या पांढुर्ण्यातल्या दवाखान्याचे डॉक्टर मुकुंद यांनी चट्ट्याचा तुकडा काढून काचपट्टी तयार केली. कर्करोग असला तर लगेच उपचार हवेत, उशीर झाला तर हाती काही उरणार नाही, असं त्यांनी बाईंच्या मुलाला, गुणवंताला, स्पष्ट सांगितलं. आता फक्त भिंगं यायची होती. भगवंतरावांचं म्हणणं, थोरल्यांनी रीतसर बोलावणं पाठवावं. रघुनाथरावांचं म्हणणं, घरच्या माणसाला बोलावणं कसलं? दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे काही हललं नाही.

संक्रांतीला भगवंतराव तिळगूळ घेऊन पांढुर्ण्याला आले. भिंगं आणली नाहीत. सणाच्या दिवशी रोगाची वस्तू कोणाच्या घरी नेत नाहीत. गुणवंता ओसरीवर येऊन बसलाच होता. त्यालाही तिळगूळ मिळाला. तो त्यानं मुठीतच ठेवला.

"रावसायेब, तुमी भाऊ-भाऊ गोड बोलून राहिले, बरं वाटलं. आता माही माय कोनाच्या वाटनीत येते, तेवढं सांगा."

प्रश्न कठीण होता.

"रामाकोना सौसर तहसिलीत येते," रघुनाथराव विचार करून म्हणाले. "मंजे भगवंताकडची."

"पन काचपट्टी तुमच्याइथं हाये, दादा," भगवंतराव आदरानं म्हणाले.

"मंग मांगून घे न."

"मांगू कायले? देनारा मोठा असते."

हा विनय चालू असताना गुणवंतानं मला बाजूला घेऊन काचपट्टी मागितली. देऊ नये असा नियम नव्हता, मी दिली. फडक्यात गुंडाळून, संत्र्यांच्या टोपलीत ठेवून तो नागपूरच्या गाडीत बसला. तिथल्या एका डॉक्टरांकडे सूक्ष्मदर्शक सबंधच होतं. (एकाच टेबलावर! आमच्या मंडळाला ही पद्धत मागासलेली वाटते.) त्यांनी पाहिलं. कर्करोगच निघाला, पण वेळेत. उपचार सुरू झाले, आणि होळीला बाई पुरणपोळी जेवल्या.

मंडळाच्या अहवालानुसार आजवर तपासलेल्या सर्व रुग्णांना, म्हणजे एकीला, गुण आला. यश शंभर टक्के. शिवाय नागपूर आता परराज्यात, त्यामुळे संशोधन आंतरराज्यीय झालं. ऐकताना दोघा भावांचे डोळे खरोखरच भरून आले. त्यांनी आईच्या नावानं दुसरं सूक्ष्मदर्शक दिलं. आता पांढुर्ण्याला दोन नळ्या आहेत आणि सौसरला भिंगांचे दोन संच.

दवाखान्याच्या दारावर दोघा भावांच्या नावांची संगमरवरी पाटी लागली. गुणवंतानं ती माझ्याकडून वाचून घेतली.

"चांगलं लिवलं हाये. माह्या मायचं नाव कुठीसा हाये?"

पाटीवर लक्षात ठेवण्यासारखीच नावं घालतात, असं मी त्याला समजावलं. त्याला पटलं नाही. आपण सुज्ञ वाचक आहात. थोरले कोण, धाकटे कोण, कोणाकडे काय, हे आपल्याला एव्हाना पाठ झालं असेल. आता वर न पाहता सांगा, बाईंचं नाव काय होतं?