अडकल्याचा पुरावा

समाज विश्वासावर चालतो आणि विश्वास समितीवर चालतो. नोएडातल्या एका मराठी मंडळाने हे वेळीच ओळखून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी सत्यता समिती नेमली. अध्यक्ष सुधाकरराव (निवृत्त, म्हणून तत्पर). सदस्य दोन, त्यांच्या पत्नी प्रभाताई आणि शेजारची हेमांगी. समितीने एआयकडून तपासून घेतल्याशिवाय एकही निरोप ग्रुपवर दिसायचा नाही. पहिल्याच महिन्यात चारशे बारा निरोप अडवले. त्यांतले सहा खोटे निघाले. सुधाकररावांना धन्य धन्य वाटलं.

गणपतीत एकशे एक उकडीचे मोदक घेऊन ते खाली आरतीला निघाले आणि लिफ्ट सातव्या-आठव्या मजल्यांच्या मधे थांबली. दिवा गेला, पंखा गेला. घंटीचं बटण दाबलं तर ते हातात आलं. फोन लागेना. निरोप तेवढा कसाबसा गेला: 'लिफ्टमध्ये अडकलोय. गुदमरायला होतंय.'

तो अर्थातच समितीकडे गेला. एआयने चार सेकंदांत अहवाल दिला: मजकूर घाबरवणारा, सदर लिफ्टबद्दल एकाही वृत्तवाहिनीवर बातमी नाही, खोटेपणाची शक्यता बासष्ट टक्के. हेमांगीने पुरावा मागितला. सुधाकररावांनी फोटो पाठवला. 'अंधार कुठलाही असू शकतो,' असा शेरा पडला. त्यांना दरदरून घाम फुटला, पण ऊरही भरून आला. ही माणसं त्यांनीच तयार केली होती.

शेवटी भीती अनावर होऊन त्यांनी थेट बायकोला लिहिलं, 'प्रभा, प्लीज कोणाला तरी पाठव.'

प्रभाताईंनी तो निरोप नियमानुसार हेमांगीपुढे ठेवला.

"चाळीस वर्षांत ह्यांनी मला एकदाही प्लीज म्हटलेलं नाही. अकाउंट हॅक झालंय."

"बिल्कुल, काकू. फोन लावून बघा ना."

फोन लागला नाही, त्यामुळे संशय पक्का झाला. सुधाकररावांना एकमताने ग्रुपमधून काढून टाकलं. त्याच बैठकीत 'मोदकाने गुडघेदुखी जाते' हा निरोप मंजूर झाला (खाली डॉक्टरांचं नाव होतं). मोदक अजून का आले नाहीत, असं विचारणारे तेवीस निरोप तपासणीत आहेत.

तेव्हा काळजी नसावी, यंत्रणा चोख आहे. मघाशी तुमच्याही फोनवर कोणाचा तरी निरोप आला होता आणि 'फॉरवर्ड असेल' म्हणून तुम्ही तो उघडला नाहीत. योग्यच केलंत. खरंच अडकला असेल, तर पुन्हा पाठवेल.