डिस्क क्रमांक चार, हळदीचे धवले

दयाराम घरत एकतीस वर्षं वजनकाट्यावर कारकून होता आणि त्या एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकही ट्रक बिननोंदीचा सुटला नव्हता! हे तो स्वतःच सांगायचा, आणि हल्ली ऐकायला कोणी नसल्यामुळे स्वतःलाच सांगायचा. तेव्हा अकरा डिस्कांना नावं घालायची म्हणजे त्याच्या मते अर्ध्या तासाचं काम होतं.

डिस्का होत्या नलूच्या. नलू म्हणजे त्याची बायको. उरणच्या आसपास ज्या घरात लग्न असे तिथे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला नलूलाच बोलावणं यायचं. नवरीला हळद लावायची तर आधी धवलारीण पाहिजे, आणि धवलारीण म्हणजे नलू! तिचं गाणं दयारामने कॅसेटींवर भरून ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मग मुलीने, जागृतीने, मागे ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर त्याने कॅसेटींच्या डिस्का केल्या. त्या कामात आठ महिने बरे गेले. पुढे त्या कपाटात पडून राहिल्या, आणि दयाराम खुर्चीत.

एके दिवशी फाटक वाजलं. फाटक वाजायची सवय गेल्यामुळे दयारामला आधी वाटलं, मांजर असेल. पण शेजारची सुचितावहिनी होती.

"भावजी, आमच्या प्राप्तीची हळद हाय पुढच्या शुक्रवारी. आता धवलारीण कुटं मिलत नाय. नलूवैनीचे धवले तुमच्याकडं हायत ना?"

"हायत म्हंजे! नंबर टाकून, नाव घालून देतो!" दयाराम असा उठला की खुर्ची मागे पडली.

पहिल्यांदा त्याने मार्कर घेतला. अक्षर मुळात असं, की साहेब म्हणायचे, "घरत, पावतीवर मुंग्या मेल्यात!" त्याने चार नंबरच्या डिस्कवर 'धवले' लिहिलं आणि ती वाळायला ओट्यावर ठेवली. भांडी घासायला येणाऱ्या सोनूबाईने ते 'धुवावे' वाचलं. बाई आज्ञाधारक! तिने डिस्क तारेच्या घासणीने अशी लख्ख केली की तिच्यात तोंड बघून कुंकू लावता आलं असतं.

"सोनूबाई, अगो ही थाली वाटली तुला?"

"तुम्हीच लिवलंय नं धुवा म्हनून! न्हायतर लिवायचं कशाला?"

दयारामने चार नंबरची डिस्क पुन्हा केली. आता गोल स्टिकर! बाजारातून पाकीट आणलं, चष्मा लावला, श्वास रोखला आणि चिकटवला. केसभर तिरका बसला. प्लेयरमध्ये घातल्याबरोबर डिस्क अशी घरघरली की मिक्सरमध्ये नारळाची करवंटी पडली असावी! आत खारट हवेने स्टिकर सुटला आणि डिस्कसकट अडकला. प्लेयर उघडून चिमट्याने लगदा काढण्यात दुपार गेली.

तेव्हा त्याला युक्ती सुचली. डिस्कवर काही लिहायचंच नाही! डिस्कने स्वतःच नाव सांगायचं. प्रत्येकीच्या सुरुवातीला आपल्या आवाजात नंबर आणि नाव भरायचं. पुसायला नको, सुटायला नको, सोनूबाईने वाचायला नको! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्याने तीन डिस्का उरकल्या. चौथीच्या वेळी नाव बोलून झालं आणि फोन आला. पुण्याहून जागृतीचा, बुधवारचा ठरलेला फोन. फोनच्या नादात रेकॉर्डिंग थांबवायचं राहिलं. नंतर त्याने पुढे नलूचा धवला जोडला आणि फक्त सुरुवात ऐकली. नाव नीट आलं होतं. झालं!

शुक्रवारी संध्याकाळी मांडवात अर्धा गाव जमला. साउंडवाला प्रणय म्हणाला, "काका, पेनड्राइव्ह नाय का?" तर दयारामने घरून आणलेला प्लेयर ऐटीत पुढे केला. पाच पाच फुटांचे स्पीकर. प्राप्ती पाटावर बसलेली, सुचितावहिनीच्या हातात हळदीची वाटी.

"डिस्क क्रमांक चार," स्पीकर गरजले. "हळदीचे धवले. गायिका, सौभाग्यवती नलू दयाराम घरत."

म्हाताऱ्या बायांनी माना डोलावल्या. दयारामची छाती फुगली. आणि स्पीकरमधून फोनची घंटी वाजली.

"हां जागृती, बोल गो! जेवलो ना! सुचितावैनी रोज डबा धाडते. आज बोंबलाचं कालवन. नको सांगतो, ऐकतच नाय!"

प्रणयने बटणाकडे हात नेला. सुचितावहिनीने हळदीच्या हातानेच त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे! ऐकू दे मना!"

"रावजी? तो तर रोजचाच! आता बी समोर बसलाय, पत्ते चाललेत. ए रावजी, पान टाक ना! ... नाय गो, एकटा कसला? घरात नुसती जत्रा हाय!"

मांडव खो खो हसला. वजनकाट्यावरचा दयारामचा जुना सोबती रावजी हातात पत्रावळ घेऊन उभा होता. सगळे त्याच्याकडे वळले. "अरे, मी दिवालीपासून याच्या दारात गेलो नाय!" तो बावचळून बोलून गेला. पुन्हा हशा!

मग स्पीकरमध्ये फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर नुसता फ्रिज गुणगुणत राहिला. पाच फुटांच्या स्पीकरमधून तो कितीतरी वेळ गुणगुणत होता. बिस्किटाचा पुडा फाटला. "पान टाक म्हने," दयारामचा आवाज हळूच म्हणाला. कुरुम कुरुम ऐकू आलं. हसणं कुठल्या कुठे विरलं होतं.

आणि नलूचा धवला सुरू झाला. पाटाभोवतीच्या बाया एकेक करून तिच्या मागून म्हणू लागल्या. सुचितावहिनी हळद लावत होती आणि मधेच पदराला डोळे पुसत होती. दयाराम मात्र ऐकायला थांबला नाही. प्लेयर तिथेच टाकून तो मांडवामागच्या वाटेने घरी पळाला. फाटकाला कडी घातली, दाराला कडी घातली, तरी भागेना, तेव्हा डोक्यावरून चादर ओढली.

लग्न पार पडेपर्यंत त्याने तोंड दाखवलं नाही. बुधवारी दुपारी फाटक वाजलं. सुचितावहिनी डबा घेऊन उभी.

"बोंबलाचं कालवन. घ्या. गावभर झालंय, रोज देते म्हनून! आता न देऊन कसं चालंल?"

"वैनी, मी आपलं पोरीला बरं वाटावं म्हनून..."

"मी कंदी विचारलं नाय, ते माजंच चुकलं. डबा घासून द्या."

संध्याकाळी रावजी आला. समोर बसला आणि खिशातून पत्ते काढले. तिसऱ्या डावात त्याने लबाडी केली, चौथ्यात दयारामने. दोघे हातघाईवर आले, आणि दयारामला वर्षभरात इतकं छान वाटलं नव्हतं! तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो गो! सुचितावैनीनं डबा आनला. बोंबलाचं कालवन! रावजी समोर बसलाय, पत्ते चाललेत!"

पण हळदीचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवरून पुण्याला कधीच पोचला होता.

"बाबा, पुरे आता. शनिवारी येतेय मी."

"अगो, आईशपथ खरं! थांब, त्यालाच देतो." दयारामने फोन रावजीच्या तोंडाशी नेला.

"जागृती, मी हाय गो! रावजीकाका!" रावजी ओरडला.

जागृतीने अगदी मायेनं विचारलं,

"बाबा, रावजीकाकांचा आवाज कधी भरून घेतलात?"