चार वाजताचा चोक

आमचे दाजी कुणाची तब्येत विचारत नाहीत, आवाज ऐकतात. मी दारात चप्पल काढत असतानाच आतून प्रश्न यायचा, "पावणं, इंजन मिसिंग मारालंय न्हवं?" मला नुसती सर्दी झालेली असायची. आमच्या आईच्या शेवटच्या आजारातसुद्धा हा गृहस्थ तिच्या उशाशी कान लावून बसला आणि म्हणाला, "इंजन चांगलं हाय, पेट्रोल पोचंना झालंय." डॉक्टरांनी जे सांगितलं त्याचा अर्थही जवळपास तोच होता, पण सासूबद्दल असं बोलतात का?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. उभा जन्म उद्यमनगरात स्कूटरचे कार्ब्युरेटर जुळवण्यात गेला. गावाच्या गाड्या सुरू करणाऱ्या या माणसाची स्वतःची स्कूटर मात्र कधी धड सुरू झाली नाही. दाजी वर बसणार, अक्का पाठीमागून ढकलणार आणि दाजी ओरडणार, "जोरात! अगं, जोरात!" गल्लीला रोजची फुकट करमणूक. अक्का म्हणायची, "माझं लगीन माणसासंगं न्हाई, धक्क्यासंगं लागलंय."

आणि मग एक दिवस दाजीच बंद पडले. कशामुळे, ते मला विचारू नका. गॅरेजला कुलूप लागलं. ते फाटकाच्या आत लावलेल्या स्कूटरवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. अंघोळ नाही, बोलणं नाही, कुणाचा आवाज ऐकणं नाही. कागलचे काका येऊन सांगून गेले, "दोन म्हशी घिऊन द्या. शेण काढाय लागलं की डोस्क्यातलं सगळं जातंय." कबनूरच्या आत्याबाईंनी 'आळस' असं निदान केलं आणि चहाचा दुसरा कप मागितला. आपल्याकडे पाय मोडला तर लोक डबा घेऊन येतात. मन मोडलं की सल्ले घेऊन येतात आणि आपलाच चहा पिऊन जातात. अक्का दूध संघाच्या ऑफिसात नोकरीला लागली. सकाळी जायची, संध्याकाळी पाचला यायची.

अक्काने शेवटी त्यांना ज्यांच्याकडे नेलं, त्या मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई तशा तरुण, पण धीराच्या. पहिलं औषध लागू पडलं नाही. दुसरं थोडं पडलं आणि अडकलं. मग त्यांनी त्याच्या जोडीला तरतरी आणणारी एक उत्तेजक गोळी द्यायचं ठरवलं. म्हणाल्या, "सकाळी नाश्त्यानंतर अर्धी. झोप, भूक, बीपी बघत बघत डोस ठरवू. दुपारनंतर अजिबात घ्यायची नाही, झोप उडेल." कितीतरी महिन्यांनी दाजींच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ते म्हणाले, "म्हंजे आयडलिंग वाढवायचं. गाडी उभ्या उभ्या बंद पडाय नको."

"हो, तसंच समजा," बाई हसून म्हणाल्या. मेकॅनिकला असं कधी म्हणू नये.

आठवड्याभरात अक्काचा फोन आला. "आरं, हसले की रं ते! मला बघून हसले!" मी मुद्दाम संध्याकाळी गेलो. दाजींनी भांग पाडलेला, चहा टाकलेला. अक्काला ऑफिसातल्या एकेका बाईचं नाव घेऊन विचारत होते. अक्का एवढं हरखून उत्तर देत होती की मला बघवेना. ही गोळी तरी टिकू दे, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं. डॉक्टरीणबाईंना तिने ते हसूच सांगितलं आणि त्यांनी अर्धीची एक केली.

सकाळी मात्र दाजी तसेच दगड. रात्रभर जागे राहून मिक्सर खोलायचे आणि पुन्हा जोडायचे. जेवण टाकायला लागले. हात थरथरू लागले. दूधवाल्याच्या मोटरसायकलचा आवाज सहन होईना म्हणून त्याच्या अंगावर धावून गेले. गल्लीने लगेच निकाल दिला, "गोळ्यांनी येडा केला." आधी शहाणा होता, हे यांना तेव्हा आठवलं!

पुढच्या वेळी मीही दवाखान्यात बरोबर होतो. डॉक्टरीणबाईंनी बीपी एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. मग विचारलं, "गोळी किती वाजता घेता?"

दाजी छताकडे बघायला लागले. "चारला."

"चारला?" अक्का उडालीच. "रोज सकाळी हातावर ठिवून जाती की मी!"

"हातावर ठिवतीस. तोंडात कुठं बघतीस? प्लगच्या डबीत ठिवतोय." मग बाईंकडे वळून, अडाण्याला समजवावं तसं म्हणाले, "म्याडम, चोक गाडी काढायच्या येळंला ओढत्यात. सकाळपास्नं ओढून ठिवला तर गाडी ओव्हर हुती, पेट्रोल जास्ती हून बंद पडती."

"आणि चारला कुठे जायचं असतं तुम्हाला?"

"जायचं कुठं? ही पाचला येती." दाजींनी अक्काकडे बोट केलं. "दिवसभर मी बंद असलो तर कुणाचं काय अडत न्हाई, म्याडम. पर दमून आल्यावर हिनं माझं हे असलं तोंड किती दिवस बघायचं?"

अक्का पर्सची चेन उघडत होती, लावत होती. मला संताप आला. दाजींचा, त्या डबीचा आणि उगीचच कागलच्या काकांचाही.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बीपी वाढलंय. ही गोळी सध्या बंद. खाली आलं तर पुन्हा अर्धीपासून, सकाळीच आणि ताईंच्या समोर गिळायची. पण पुन्हा देता येईलच असं नाही."

दाजींनी विचारलं, "मग पाचला काय करू?"

बाईंनी चिठ्ठीवर पुढच्या तपासणीची तारीख लिहिली.

दुसऱ्या दिवशी मी पाचच्या सुमारास गेलो. दाजी स्कूटरवर बसलेले, पण फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर. अक्काला सामोरं जायचं म्हणून गाडी फाटकासमोरच्या उतारावरून मागच्या मागे बाहेर काढली होती. तेवढ्यातच अवसान संपलं होतं. भांग नाही, दाढी नाही, मला ओळखसुद्धा दिली नाही. अक्का गल्लीच्या तोंडाशी दिसली तशी त्यांनी हसायची धडपड केली. नुसता ओठ हलला.

"आज सुरू झालो न्हाई," दाजी म्हणाले.

अक्काने पिशवी स्कूटरवर त्यांच्या पायाशी ठेवली. पदर खोचला आणि मागे जाऊन दोन्ही हात लावले.

"ब्रेक सोडा."

"चढ हाय."

"ठावं हाय मला. सोडा म्हणती न्हवं?"

मी मदतीला गेलो तर तिने मला कोपराने बाजूला सारलं. बायका गॅलरीत येऊन बघत होत्या. गाडी तसूभर हलली, मागे आली, पुन्हा हलली. अक्काला धाप लागली होती. फाटकाच्या तोंडाशी चाक अडलं, तेव्हा दाजींचा आवाज आला. मला जेमतेम ऐकू आला.

"जोरात," ते म्हणाले. "अगं, जोरात."