साध्या कापडाची वरची बाजू

कटिंगच्या टेबलावर मापांच्या वहीखाली लपवलेला कागद मोठ्याबाईंना सापडला, यात दोष असेल तर लपवणाऱ्याचा. त्या टेबलावरची टाचणी जरी जागची हलली तरी त्यांना कळायचं, तिथे अख्खा कागद काय लपणार.

कागदावर खुर्ची-सोफ्याचं चित्र होतं. म्हणजे चौकातल्या मोठ्या फर्निचरवाल्यांचा. मजकूर इंग्रजी. मोठ्याबाईंची शाळा तिसरीतच सुटलेली, पण अक्षर कुणाचं हे ओळखायला शाळा लागत नाही. अक्षर सूनबाईचं होतं. सूनबाई म्हणजे त्यांच्या पडद्यांच्या दुकानाची कात्री. ती गेली तर दुकानात उरणार काय, तर मशीन, इस्त्री आणि चिरंजीव. आणि त्यात कामाचं म्हणाल तर मशीन आणि इस्त्री.

मोठ्याबाईंनी नातीला हाक मारली.

"अय्या, आईनं दाखवला तुला? सोमवारी द्यायचाय तो," नात म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. पण आता सुटका नव्हती. आजीनं बोट ठेवलं तिथलं तिला वाचावं लागलं. नोकरीचा फॉर्म होता. आताचं काम सोडण्याचं कारण काय, असं विचारलं होतं, आणि पुढे सूनबाईनं एकच शब्द लिहिला होता. कंडिसेंडिंग.

"म्हणजे काय?"

नात कॉलेजात जाते, त्यामुळे घरातल्या मोठ्यांशी ती सावकाश बोलते. तिनं दोन्ही हात हवेत पसरले आणि तान्ह्या पोराला हत्ती दाखवावा तशी समजावायला लागली. "हे बघ आजी. समोरच्याला काऽही कळत नाही असं धरून चालायचं, आणि वरून त्यालाच शिकवायचं. ते पण उपकार केल्यासारखं. कळलं का? की परत सांगू?"

"मला एकदा सांगितलेलं कळतं."

"चिडू नकोस गं. तुझ्यासाठी सोप्पं करून सांगितलं."

खात्री करून घ्यावी म्हणून मोठ्याबाईंनी चिरंजीवांनाही तो शब्द विचारला. ते म्हणाले, आई, तू कशाला त्यात डोकं घालतेस, तुझ्या समजण्यातलं नाही ते. ज्यांना शब्द समजला होता त्यांची ही तऱ्हा.

पण शब्द डोक्यातून जाईना. मोठ्याबाईंची एक पद्धत होती. कापड टेबलावर पसरलं की त्याच्या मागच्या बाजूला त्या खडूनं एक बाण काढायच्या, वरची बाजू कुठली ते दाखवायला. सूनबाई त्या बाणाकडे बघून कापायची आणि त्या टोकाला चुण्या घालायची. सतरा वर्षं हेच चाललं होतं. बाण साध्या पांढऱ्या कापडावरसुद्धा यायचा. सूनबाई एकदा म्हणाली होती, आई, पांढऱ्याला कुठली आलीय वरची बाजू. त्यावर मोठ्याबाई म्हणाल्या होत्या, तुला नाही दिसायची, मी दाखवते ना.

हे आठवलं तेव्हा त्यांना जरा गरम झालं. मग त्यांनी ठरवलं, सोमवारपर्यंत बाण नाही आणि शब्दही नाही. तोंड ऐकायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ओठांत चार टाचण्या धरल्या. टाचण्या धरून बोलता येत नाही.

नेमकं त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरणीचं कापड आलं. नवा दवाखाना, शनिवारी उघडायचा. निळं कापड, फांद्यांवर ओळीनं बसलेले पक्षी. चिरंजीवांनी गठ्ठा आणून टेबलावर पसरला. कापडाच्या एका टोकाला तेलाचा डाग होता. तो सगळ्यांच्या लक्षात यावा म्हणून त्यांनी मागून खडूनं डागाकडे बाण काढला आणि चहा प्यायला गेले.

सूनबाईनं बाण पाहिला. पुढची बाजू उलटून पाहिली. बाणाप्रमाणे गेलं तर पक्षी खाली डोकं वर पाय होत होते. विचारावं का, असं तिच्या मनात आलं. पण विचारलं की काय ऐकायला मिळतं ते तिला सतरा वर्षं माहीत होतं. तिनं डाग कापून टाकला आणि बाणाबरहुकूम कात्री चालवली.

मोठ्याबाई पलीकडे उभ्या होत्या. वटवाघळांसारखे लोंबणारे पक्षी त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांनी नाकानं एक मोठा श्वास घेतला आणि आणखी दोन टाचण्या तोंडात धरल्या.

आठच्या आठ पडदे तसेच शिवून झाले. त्यांना इस्त्री करताना, आपली बायको ओठ दाबून आणि आई गाल आवळून का वावरतात, याचा चिरंजीवांनी विचार केला. बायकोचं ते काही विचारायला गेले नाहीत. आईची दाढ दुखत असणार, हे त्यांनी परस्पर ठरवलं आणि डॉक्टरणीला फोनवर सांगूनही टाकलं. ती म्हणाली, पडद्यांबरोबर आजींनाही घेऊन या, नव्या खुर्चीवर पहिल्या पेशंट त्याच.

शनिवारी सकाळी चिरंजीव बाहेरच्या खोलीत पडदे टांगत होते, आतल्या खोलीत सूनबाई. खुर्ची खिडकीकडे डोकं करून आडवी केलेली, आणि तिच्यावर मोठ्याबाई. दाढ दुखत नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं.

"घाबरायचं नाही हं आजी," डॉक्टरीण म्हणाली. "आऽ करायचं. मोठ्ठा आऽ. शाब्बास. किती शहाणी आजी आहे ही." आणि गालात कापूस कोंबून तिनं मान वर केली. "हे काय? पक्षी उलटे?"

सूनबाई स्टुलावर उभी होती. डॉक्टरणीनं हातमोजे काढले आणि अगदी गोड, अगदी सावकाश सुरुवात केली. ताई, कापडाला एक वरची बाजू असते आणि एक खालची असते. चित्रातल्या पक्ष्याचं डोकं जिकडे, ती वरची. हे असं आधी नीट बघून घ्यायचं असतं. येतंय ना लक्षात?

मोठ्याबाईंनी मान मागे टाकून पडद्याकडे पाहिलं. मग गालातला कापूस काढून ट्रेमध्ये ठेवला.

"डॉक्टर, जरा इथे झोपून बघा."

"आजी, तुम्ही नका लक्ष देऊ, तुम्हाला..."

"झोपा म्हणते ना."

डॉक्टरीण झोपली. खुर्चीत आडवं होऊन डोकं मागे टाकलं की खोलीतली जमीन वर जाते आणि छत खाली येतं. फांद्यांवरचे सगळे पक्षी तिच्याकडे सरळ बघत होते. ती थोडा वेळ तशीच पडून राहिली.

"पडदा उभ्यानं बघणाऱ्यासाठी नाही, तोंड उघडून पडणाऱ्यासाठी आहे," मोठ्याबाई म्हणाल्या. "सतरा वर्षं कात्री चालवतेय ती. तिला कापडाची वरची बाजू शिकवू नका. अशा शिकवण्याला इंग्रजीत शब्द आहे. कंडिसेंडिंग. अर्थ सांगू? हळूहळू सांगते."

सूनबाई स्टुलावरून पडता पडता राहिली. बाहेरच्या खोलीत झोपून बघायला खुर्ची नव्हती, तेव्हा तिथले चार पडदे सुलटे करून द्यायचं ठरलं. ते उसवायला चिरंजीवांना बसवलं.

दोघी चालत घरी निघाल्या.

"फॉर्म वाचलात तुम्ही," सूनबाई म्हणाली.

"मला कुठे वाचता येतं. वाचून घेतला."

"आणि पक्षी मुद्दाम उलटे ठेवले असं सांगितलंत. मी तर तुमचा बाण होता म्हणून कापलं."

"मी बाण काढलाच नव्हता. मला दिसत होतं तू चुकतेयस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर फॉर्मात आणखी एक शब्द लिहिला असतास."

सूनबाईला हसू आलं, पण ते तिनं दाखवलं नाही. तिनं एवढंच सांगितलं की शब्द लिहिला त्याचं तिला वाईट वाटत नाही, तो खराच आहे. मोठ्याबाई म्हणाल्या, तो खरा आहे म्हणून तर तीन दिवस टाचण्या चावल्या.

सोमवारी मोठ्याबाईंनी टेबलाला हात लावला तर एरवी डुगडुगणारं ते टेबल हललं नाही. एका पायाखाली घडी घातलेला कागद होता आणि घडीतून सोफ्याचं अर्धं चित्र डोकावत होतं. वर साधं पांढरं कापड पसरलेलं. मोठ्याबाई टाचण्या तोंडात धरून, हात मागे बांधून टेबलावरून पुढे निघाल्या.

सूनबाईनं खडू उचलला, कापडावर एक बाण काढला आणि गोड आवाजात, सावकाश म्हणाली, "आई, ही वरची बाजू. कळलं का? की परत सांगू?"

मोठ्याबाई थांबल्या. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या आणि बाण नीट निरखून पाहिला.

"वाकडा आलाय."