कबुतरांसाठी राखीव

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला अमदावादच्या झुमखावाळी पोळेत, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्तीत, चबुतऱ्याच्या खांबावर नोटीस लागली. त्या वेळी संबंधित रहिवासी दाणे टिपत होते. त्यांच्यापैकी कोणीही ती वाचली नाही. (एकाने मात्र तिच्यावर आपला अभिप्राय नोंदवला.)

शहर राहण्याजोगे करायचे, तर त्यातली प्रत्येक जागा कोणत्या रंगाची हे आधी ठरावे लागते. माणसे राहतात ते पिवळे, विकतात ते निळे, श्वास घेतात ते हिरवे. रंग ठरला की नियम ठरतो, नियम ठरला की तो कोण मोडतो ते कळते आणि मग सुधारणेला जोर येतो. यासाठी नेमलेल्या सुखवस्ती कक्षाने जुन्या गावाचा नकाशा मन लावून रंगवत आणला होता. झुमखावाळी पोळेच्या गल्ल्या, घरे, ओटे सगळे पिवळे झाले. मधोमध एक ठिपका पांढराच राहिला. तो चबुतरा.

दगडी चौथऱ्यावर उंच खांब आणि खांबाच्या डोक्यावर पाखरांसाठी कोरीव लाकडाचे घर. त्यात दाणे घालण्याचे काम इंद्रवदन पारीख, म्हणजे इंदुकाका, करतात. त्यांच्याकडे गाडी नाही, स्कूटर नाही, घाईही नाही. सकाळी शिडी लावून ते वर बाजरी ओततात आणि मग चौथऱ्यावर बसून चहा पीत कबुतरांना पोळेतल्या बातम्या सांगतात. (पत्नी वारल्यापासून घरात त्यांचे बोलणे मध्येच तोडणारे कोणी नाही. कबुतरेही तोडत नाहीत, पण ती निदान रोज येतात.)

कक्षाचे नीरव पंड्या मोजणीला आले, तेव्हा त्यांना बत्तीस खिडक्या, छप्पर आणि रात्री मुक्कामाला असणारे रहिवासी आढळले. त्यांनी चबुतरा निवासी इमारतींत घातला आणि तशी नोटीस लावली. आता निवासी इमारतीला पार्किंग लागते. बत्तीस खिडक्यांना चार गाड्यांचे.

“साहेब, कबुतरं गाड्या घेतील?” इंदुकाकांनी विचारले.

“आज नाही घेणार. पण आमचा आराखडा वीस वर्षांचा आहे, काका.”

“त्यांना पंख आहेत हो!”

“पंखांना सवलत नाही. लिफ्टचं मी सांभाळून घेतो.”

“मग खानावळ म्हणून लिहा की. दाणे तर मिळतातच.”

“हात धुवायची जागा दाखवा. आणि देऊळ म्हणून लिहिलं तर गाड्या दुप्पट लागतील, आधीच सांगतो.”

पार्किंग न मिळाल्यास चबुतरा उतरवून तिथे नागरिकांना बसून गप्पा मारण्यासाठी दोन बाक बसवण्यात येणार होते. हे पंड्यांनी चौथऱ्यावर बसून, इंदुकाकांच्या बशीतून चहा पीत सांगितले.

तोडगा समोरच्या खिडकीतून भानुबेननी काढला. “अहो, खाली एवढी जागा आहे. पट्टे मारून द्या कबुतरांना! कोण बघायला येतंय?”

पोळ एकदिलाने उभी राहिली. सगळ्यांनी तशा अर्जावर सह्या केल्या. पहिली सही शेजारच्या चिनुभाईंची, मोठ्या अक्षरांत. दोन दिवसांत चौथऱ्याभोवती चार पिवळे चौकोन आखले गेले आणि पाटी लागली: ‘कबुतरांसाठी राखीव. इतर वाहनांच्या चाकांना कुलूप.’

त्या संध्याकाळी चिनुभाई गाडी घेऊन घरी आले आणि त्यांची नेहमीची जागा चबुतऱ्याच्या वाट्याला गेल्याचे त्यांच्या लक्षात आले.

“मी इथे पंधरा वर्षं लावतोय!”

“चिनुभाई, सही तुमचीच पहिली आहे,” इंदुकाका म्हणाले.

“सही पाखरांसाठी केली होती, काका. पार्किंगसाठी नाही.”

आठवडाभरात कबुतरांविषयी बरीच नवी माहिती उजेडात आली. ती घाण करतात. पहाटे आवाज करतात. पोळेचे लवाजम, म्हणजे वर्गणी, भरत नाहीत. शिवाय ती मूळची इथली नाहीतच, हे चिनुभाईंनी निदर्शनास आणले. (चिनुभाई नडियादचे.) भानुबेननी दोन दिवस कबुतरांची बाजू घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या जावयाच्या गाडीला कुलूप लागले.

मग चिनुभाईंना नियमातले एक पोटकलम सापडले. राखीव जागा तपासणीच्या दिवशी वापराविना आढळली, तर ती रहिवाशांना परत मिळते. जागा परत गेली की चबुतऱ्याला पार्किंग उरत नाही, आणि पार्किंग नसलेली इमारत उतरवावी लागते. पोळेने काहीच करायचे नव्हते. तेवढे तिने शिस्तीत केले. इंदुकाका दारोदार विचारत फिरले, “एक दिवस तुमची गाडी लावता का?” सगळ्यांनी त्यांना चहा पाजला.

तपासणी आज होती. दुपारी तीनला पंड्या आले, तेव्हा तीन नंबरच्या चौकोनात एक पांढरी गाडी उभी होती. महाराष्ट्राच्या नंबरची. काचेच्या आत चिठ्ठी होती, ‘दोन मिनिटांत येतो.’ बॉनेटवर सहा कबुतरे बसली होती.

“पोळेतल्या कुणाची आहे?” पंड्यांनी विचारले.

कोणाचीच नव्हती.

“मग ज्यांची जागा, त्यांची गाडी,” असे म्हणून त्यांनी ‘वापर सुरू’ असा शेरा मारला. मात्र फेरतपासणी पाच वाजता. तेव्हाही गाडी असेल, तर चबुतरा वीस वर्षे नियमात.

“पाव्हणा माणेकचोकाच्या बाजाराकडे गेलाय, पिशव्या घेऊन,” भानुबेन खिडकीतून म्हणाल्या. कोणाच्या बाजूने म्हणाल्या, ते समजले नाही. चिनुभाई मालकाला शोधून गाडी हलवायला लावण्यासाठी त्या दिशेने धावले. त्यांच्या मागोमाग इंदुकाकाही निघाले, मालकाला गाठून पोटभर जेवू घालण्यासाठी.

शेवटची खबर आली तेव्हा साडेचार वाजले होते आणि दोघांपैकी कोणालाही मालक भेटला नव्हता. ती गाडी आपली असेल, तर कृपया घाई करू नये. तशीही आपली दोन मिनिटे इतक्यात संपायची नाहीत.