पायरीला गुण आहेत

देवरे सरांना लग्नपत्रिका दिली की ती तपासून परत येते. ‘आशिर्वाद’मधला ऱ्हस्व ‘शि’ लाल गोलात, समासात दुरुस्ती आणि खाली दहापैकी गुण. माझ्या मुलीच्या पत्रिकेला साडेसहा मिळाले. मी मराठी शिकवायचो, सर गणित. नाशिक रोडच्या शाळेत आमच्या खुर्च्या शेजारी आणि कॉलनीत दारं समोरासमोर, त्यामुळे ते साडेसहा मला रोज आठवायचे.

सर सगळ्यालाच गुण देत. कॅन्टीनचा वडा सात, शिपायानं दिलेली घंटा आठ, मुख्याध्यापकांचं भाषण चार. दहा मात्र कोणालाच नाहीत. ‘दहा दिले की माणूस वही मिटतो,’ म्हणायचे. पण पोरांचे पेपर हातात आले की हाच माणूस एकदम मवाळ. उत्तर साफ चुकलेलं असलं तरी एकेक ओळ मागे जात कुठेतरी बरोबर ओळ शोधायची आणि तिच्यापुढे अर्धा गुण ठेवायचा. ‘पायरीला गुण आहेत, भालेराव,’ हे त्यांचं पालुपद. बस चुकली, दूध नासलं, कोणाचं जमलेलं लग्न मोडलं, तरी सरांचं म्हणणं हेच.

संध्याकाळी सहा ते आठ सरांचं दार बंद. तेव्हा ते पेपर तपासतात, हे कॉलनीतल्या लहान पोरांनाही माहीत होतं. परीक्षा नसतानाही ते कुठले पेपर तपासतात, हे मात्र कोणी विचारलं नाही.

मोबाईल अजून मास्तरांच्या खिशात आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. राज्याच्या शिक्षण मंडळावर शिक्षकांतून एक सभासद निवडून द्यायचा होता. आमच्या संघटनेनं देवरे सरांना उभं केलं आणि मी त्यांचा प्रतिनिधी झालो. जाहीरनामा एका ओळीचा: ‘गणितात बरोबर पायऱ्यांचे गुण मिळालेच पाहिजेत.’ त्या ओळीसाठी सर पहिले आठ दिवस माझ्या स्कूटरच्या मागे बसून शाळाशाळांतून फिरले. मग अर्ज भरला, आणि अर्ज भरल्या दिवसापासून उमेदवार गार पडला.

नामपूरला गेलो. सरांचं ते गाव. तिथले मुख्याध्यापक हात धरून अहिराणीत म्हणाले, “सर, औंदा तुमनाच नंबर शे.” सर इस्त्रीच्या मराठीत उत्तरले, “पगार सरही अत्यंत सक्षम आहेत.” पगार सर म्हणजे आमचे प्रतिस्पर्धी. मी टेबलाखालून पाय मारला. येताना मी सटाण्यापर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. पुढे त्यांनी पगार सरांचं पत्रक तपासून, सात चुका दुरुस्त करून, त्यांच्या घरी पोचवलं. दुरुस्त केलेलं पत्रक आमच्यापेक्षा चांगलं दिसायला लागलं. मी चिडलो, तर म्हणाले, “चूक दिसली की राहवत नाही हो.”

मतदानाच्या खोलीत जांभळ्या शाईचं पेन दोरीनं टेबलाला बांधून ठेवलं होतं. त्याच पेनानं नावापुढे एक हा आकडा लिहायचा, एवढीच सूचना. पण मतदार सगळे मास्तर. कागद समोर आला की मास्तरचा हात आधी खिशात जातो. कितीतरी जणांनी सवयीनं लाल पेन काढलं आणि सरांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. एकानं तर खुणेखाली ‘९/१०’ लिहिलं. दहा का नाहीत, ते सरांना ओळखणारा कोणीही सांगेल.

मोजणीत सर सात मतांनी मागे राहिले, आणि लाल खुणांच्या मतपत्रिका होत्या बारा. निवडणूक अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, “मतदाराचा हेतू तर स्पष्ट दिसतोय. देवरे सर, तुमचं काय म्हणणं?” सरांनी बाराही मतपत्रिका एकेक करून पाहिल्या.

“सूचना स्पष्ट आहे. बाद.”

“अहो सर, पायरीला गुण आहेत,” मी जवळजवळ ओरडलोच.

“पोरांना आहेत, भालेराव. मास्तरांना नाहीत.”

मग ते उठले, पगार सरांचं अभिनंदन केलं आणि आपलं एका ओळीचं पत्रक त्यांच्या हातात दिलं. “एवढं काम तुम्ही करा.” पगार सर भले गृहस्थ. त्यांनी पत्रक घडी घालून खिशात ठेवलं आणि शब्द दिला.

मला त्या दिवशी सरांचा राग आला होता, आणि घरी पोचेपर्यंत त्या रागाची कणव झाली. साडेसहाला मी त्यांची बेल वाजवली. बंद दाराच्या वेळी बेल वाजवायची ही माझी पहिलीच खेप. दार सरांनी उघडलं. चेहरा इतका मोकळा की मी चाळीस ओळींचं सांत्वन विसरलो. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

“हरल्याचे पेढे?”

“आत या. आणि कॉलनीत बोलू नका.”

आत जेवणाच्या टेबलावर सुमनवहिनी दहावीचं बीजगणित उघडून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पदरानं वही झाकली.

“लग्न ठरलं त्या वर्षी ही गणितात दोन गुणांनी गेली,” सर हळू आवाजात म्हणाले. “पंचवीस वर्षं गावभरची पोरं पास केली. घरातलीच राहिली. आता बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, मार्चला बसणार आहे. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या पानावर सही केली तेव्हा कळलं, की मंडळाच्या सभासदाला परीक्षेला बसणाऱ्या कोणालाही शाळेबाहेर, घरी शिकवता येत नाही. माघार घ्यायची तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ही म्हणाली, कॉलनीला कळलं तर मी बसणारच नाही.”

“म्हणून त्या बारा मतपत्रिका...”

“त्या बादच होत्या. फक्त मला वाईट वाटलं नाही.” सर हसले. “भालेराव, फार सुटल्यासारखं वाटतंय हो.”

मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. महिनाभराचा माझा उरलासुरला राग त्या टेबलापाशी विरून गेला.

तेवढ्यात वहिनींनी पदर बाजूला केला आणि वही पुढे सरकवली. “देखा बरं, हाई बराबर शे का?”

मी डोकावलो. मजुरांची संख्या काढायची होती आणि उत्तर आलं होतं साडेतीन मजूर. हे मराठीच्या माणसालाही खटकलं. सर वहीवर वाकले, बोट मागे मागे नेत चौथ्या ओळीवर थांबले. जे सर नामपुरातही इस्त्रीची मराठी बोलले, ते वहिनींच्याच अहिराणीत म्हणाले, “आठे, हाई ओळ बराबर शे.” आणि तिथे लाल पेनानं अर्धा गुण ठेवला. वहिनींनी तो अर्धा गुण दोनदा पाहिला आणि पुन्हा लिहायला लागल्या.

मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. सरांना धीर द्यायला निघाले होते.

“आठनंतर या,” मी म्हणालो. “सर पेपर तपासतायत.”