काऊनबंदी

इंदूबाई निकुरे यांच्या प्रशिक्षणात एका शब्दावर बंदी होती. तो शब्द म्हणजे ‘काऊन’.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना यात काही विशेष वाटणार नाही. त्यांचं नुसत्या ‘का’वर भागतं. पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत माणूस सकाळी डोळे उघडतो तो ‘काऊन’ म्हणतच. काऊन उशीर झाला, काऊन आला नाई, काऊन चूप हायेस. त्यातून मी पोलीस खात्यातला, सहायक फौजदार. आडनाव बोबाटे, आणि आवाज आडनावाला शोभेल असा. ‘काऊन बे?’ या दोन शब्दांवर मी अठ्ठावीस वर्षं नोकरी काढली होती. ते काढून घेतल्यावर माझ्याकडे उरलं काय, तर टोपी आणि काठी. त्याही बाईंनी पहिल्याच दिवशी दाराबाहेर ठेवायला लावल्या. लेकरांशी बोलताना वर्दी नको, असा नियमच आहे म्हणाल्या.

प्रशिक्षण बाल संरक्षणाचं, राजुऱ्याला, पाच दिवसांचं. आम्ही काही पोलीस, काही ग्रामसेवक, काही शिक्षक आणि बऱ्याचशा अंगणवाडीच्या बाया. इंदूबाई सिंदेवाहीच्या. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेली, अंगानं चिमणीएवढी बाई. खांद्याला एक कापडी पिशवी, तिच्यात दोन किलो तांदूळ, आणि काखेत बांबूचं सूप. मला वाटलं, जेवणाचं कंत्राट हिच्याकडे असेल.

आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की प्रोजेक्टर बिघडला आहे. प्रोजेक्टर ठणठणीत होता. त्याची वायर बाईंच्या पिशवीत तांदळाखाली होती, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

नियम एकच. जो ‘काऊन’ म्हणेल त्यानं भिंतीशी जमिनीवर बसून तांदूळ निवडायचे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी सात वेळा बसलो. दुसऱ्या दिवशी मी उभा राहायच्या भानगडीतच पडलो नाही. माझ्या बायकोनं लग्नानंतर जेवढे तांदूळ निवडले नसतील तेवढे मी त्या दोन दिवसांत निवडले.

एवढं निवडूनही तांदूळ काही साफ होईनात. मंगळवारी सुपात एक लाल खडा सापडला, मधोमध पांढरी रेघ असलेला. सोमवारी हाच खडा मी स्वतःच्या हातानं बाहेर काढला होता!

“बाई, हा खडा...”

“तुमाले ओळखते तो,” बाई शांतपणे म्हणाल्या.

रोज संध्याकाळी बाई काढलेले खडे मोजून परत तांदळात मिसळायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गुन्हे उघडकीस आणणारा माणूस, आणि ही बाई माझ्याकडून खोटं काम करून घेत होती.

“रागावू नका, बोबाटे भाऊ,” त्या म्हणाल्या. “‘काऊन’ म्हटलं का लेकरू आरोपी होते. काऊन गेली, काऊन सांगितलं नाई. त्याले वाटते, चूक आपलीच हाये. तोंड मिटते ते मिटतेच.”

“मंग काय म्हणायचं?”

“तेच.”

“तेच म्हणजे?”

“‘मंग’. ‘मंग?’ म्हणायचं आन् चूप बसायचं. आन् हाताले काम ठेवायचं. हातात सूप असलं का आपले डोळे लेकराले टोचत नाईत.”

म्हणजे जी मला शिक्षा वाटत होती तेच शिक्षण होतं. मी चरफडलो, पण सराव केला. सरावात एक ग्रामसेवक लेकरू झाला होता. मी ‘मंग?’ असं काही दरडावलं की त्या बिचाऱ्यानं न केलेली चोरी कबूल केली. सगळा हॉल हसला. “हळू,” बाई म्हणाल्या, “तांदूळ पळून जात नाईत.”

शेवटच्या दिवशी दुपारी राजुऱ्याच्याच आमच्या ठाण्यातून फोन आला. बसमधल्या एका लेडी कंडक्टरनं एक माणूस आणि एक पोरगी ठाण्यावर आणून सोडली होती. पोरगी साधं नावही सांगत नाही, म्हणून तिला संशय आला होता. मी बाईंना म्हणालो, “चला.”

“मी सांजच्या गाडीनं सिंदेवाहीले चालली. ठाणं तुमचं हाये,” बाई म्हणाल्या आणि तांदळासकट सूप माझ्या हातात दिलं.

साध्या शर्टात, दोन्ही हातांत सूप धरून मी राजुऱ्याच्या भर बाजारातून गेलो. चहावाला म्हणाला, “साहेब, आज सैपाक तुमच्याकडं हाय का?” एरवी त्याला दाखवलं असतं.

ठाण्यात तो माणूस पान चघळत, हसत बसला होता. “भाची हाये साहेब माही. तिकडं तेलंगणात दुसऱ्या बहिणीकडं नेऊन राह्यलो.” त्याच्यापाशी पोरीच्या आईचा अंगठा घेतलेला संमतीचा कागद होता. पोरगी अकराएक वर्षांची. बाकाच्या टोकाला, पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसलेली.

हवालदार माझ्या कानाशी लागला. “साहेब, अर्ध्या तासानं पुढची बस हाये. कागद बराबर हाये. पोरगी बोलत नाई. कशाच्या जोरावर अडवायचं?”

त्याचंही खरं होतं. आज कसंबसं अडवलं, तरी हा माणूस उद्या दुसऱ्या रस्त्यानं तिला नेणार. जे काय होतं ते पोरीच्याच तोंडून निघायला हवं होतं. मी तिला मागच्या पडवीत नेलं, महिला शिपायाला दारात उभं केलं. ‘काऊन बोलत नाईस?’ अगदी ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं. खाली बसलो आणि तांदूळ निवडायला लागलो.

दहा मिनिटं गेली. माझ्या गुडघ्यांना रग लागली. आत हवालदार घड्याळ बघत होता. मी मान वर केली नाही.

“खडा राह्यला.”

एवढासा आवाज. मी म्हणालो, “कुठी?”

“तो काय! तुमाले दिसत नाई का?” तिनं माझ्या हातातून सूप घेतलं. सराईत हात होता. “माय म्हणते, तांदूळ नीट पाह्यले पायजेत.”

“मंग?”

“मंग मायले त्यानं सांगितलं, मोठ्या शाळेत टाकतो.”

“मंग?”

तिनं दोन खडे वेचले. “तो मामा नाई. मिरची तोडायले नेऊन राह्यला. अजून दोघी हायेत. इथल्याच स्टँडमागच्या खोलीत.”

मी एक खडा उचलला आणि पुन्हा म्हणालो, “मंग?” मग सगळंच आलं. तिचं नाव, सावली तालुक्यातलं गाव, त्या दोघींची नावं. शिपाई स्टँडमागं धावले. बस राजुरा सोडून गेली तेव्हा तो मामा कोठडीत होता आणि तिन्ही पोरी पडवीत माझ्या सुपाभोवती बसल्या होत्या. तिघींना बाल कल्याण समितीसमोर नेण्याची व्यवस्था झाली, त्यांच्या घरी निरोप गेले. अठ्ठावीस वर्षांत मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

हवालदार म्हणाला, “साहेब, तुमी सूप काऊन...”

“बस खाली,” मी म्हणालो. “निवड.”

सूप परत करायला हॉलवर गेलो तेव्हा टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मी चोरी कबूल करायला लावलेला ग्रामसेवक सूप डोक्यावर धरून नाचला. फक्त बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी तिन्ही पोरींची नावं मला दोनदा विचारली.

मंडळी पांगली. बाईंच्या गाडीला वेळ होता. त्या ओसरीत बसून नेहमीसारखे खडे तांदळात मिसळत होत्या. मी विचारलं, “बाई, या वयात तुमी हे सगळं काऊन...”

जीभ चावली. नियम तो नियम. मी मुकाट्यानं खाली बसलो, सूप ओढलं आणि निवडायला लागलो. पाच दिवसांत या बाईला कोणी काही विचारलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बऱ्याच वेळानं मी हळूच म्हणालो, “मंग?”

बाई दचकल्या. मग हसल्या. मग त्यांनीही सुपात हात घातला.

“एक पोरगी होती,” त्या म्हणाल्या. “मी नवीन नवीन अंगणवाडीत होती तेव्हा. माह्यासंग खिचडीचे तांदूळ निवडे. एक दिवस दारात येऊन उभी राह्यली, बोलेच ना. मी घाईत होती. म्हटलं, काऊन रडून राह्यली? काऊन घरी जात नाईस? गेली मंग.”

मी मान वर केली नाही.

“सकाळी गावात नव्हती. कुठी गेली, कोणी नेली, कोणालेच मालूम नाई.” त्यांनी बाजूला काढलेल्या खड्यांतला तो लाल, पांढऱ्या रेघेचा खडा बोटानं जरासा सरकवला. “हा तिनं काढला होता. आदल्या दिवशी.”

बाईंच्या गाडीची वेळ होत आली होती. तांदूळ निवडून संपले होते, पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. मी काढलेले सगळे खडे उचलले, तो लालसुद्धा, परत सुपात टाकले आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.